आइस्क्रीमच्या डीप फ्रीजरला तीन नळ

फ्रीजरच्या भिंतीला ड्रिल लावायचं नाही. जुन्या फ्रीजरमध्ये पेयाची पिंपं ठेवायची आणि कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने गार पेय नळातून काढायचं, असा हा बेत. बाकीचं सगळं पुढे येईलच, पण ड्रिलचं वाक्य आधी, कारण हौशी माणसाच्या हातात ड्रिल मशीन आली की तो थांबत नाही. चेस्ट फ्रीजरच्या गार करणाऱ्या नळ्या आतल्या पत्र्याच्या मागे भिंतीभर गुंडाळलेल्या असतात. बऱ्याच मॉडेलांत गरम बाजूच्या नळ्याही बाहेरच्या पत्र्याला आतून चिकटवलेल्या असतात. बाहेरून काहीच दिसत नाही. एक भोक चुकलं की गॅस गेला आणि फ्रीजर भंगारात. नव्या मॉडेलांत बहुतेक आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन, आणि तो पेट घेतो. म्हणून नळ बसवायचे ते फ्रीजरला नाहीत, फ्रीजर आणि झाकण यांच्यामध्ये ठेवलेल्या लाकडी चौकटीला. हा सगळा जुगाड त्या चौकटीवर उभा आहे.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. सिडकोतल्या घरामागे पत्र्याच्या शेडखाली हा फ्रीजर उभा आहे. एका नळाला सोडा, दुसऱ्याला आलं-लिंबू, तिसऱ्याला कोकम. परदेशात लोक हीच गोष्ट बिअरसाठी करतात आणि तिला किझर म्हणतात. केग म्हणजे पिंप आणि फ्रीजर, दोन्ही शब्दांची मोडतोड करून केलेलं नाव.

मग बिअर का नाही, हे प्रत्येक मित्र विचारतो. नाशिकच्या आजूबाजूला वाइनरी आहेत म्हणून आपल्याला घरात गाळायची मुभा मिळत नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा त्याखाली गुन्हा आहे, मग ते घरच्या पिण्यापुरतं का असेना. तयार बिअर परवानाधारकाकडून घेऊन नळाला लावायचा विचार असेल तर आधी राज्य उत्पादन शुल्काच्या कार्यालयात जाऊन काय चालतं ते विचारून या. यंत्र तेच राहतं, आकडे बदलतात, ते शेवटाकडे दिले आहेत.

गंमत म्हणजे जगभरचे बिअरवाले ज्या १९ लिटरच्या केगवर जीव टाकतात तो मुळात बिअरचा नाहीच. तो सरबताच्या अर्काचा. शीतपेयाच्या कंपन्या त्यातून हॉटेलांना सिरप पुरवायच्या. नळी जोडायची तोंडं दोन जातींची: बॉल-लॉक तोंडाचा केग पेप्सीकडे चालायचा, पिन-लॉक कोका-कोलाकडे. म्हणजे आपण त्यात कोकम भरतो तेव्हा तो केग घरी परत आला असं समजा.

फ्रीजर बघताना

आडवा, वरून उघडणारा आणि टणक झाकणाचाच घ्या. गार हवा जड असते, विहिरीत पाणी बसावं तशी ती पेटीत बसून राहते, झाकण उघडलं तरी सांडत नाही. वरून सरकत्या काचेचा, दुकानात आइस्क्रीम दिसावं म्हणून केलेला, तो सोडून द्या. काच गार धरत नाही आणि तिच्यावर चौकट धड बसतही नाही.

जुना घेणार असाल तर एक खबरदारी. काही कंपन्या दुकानदाराला फ्रीजर नुसता वापरायला देतात, मालकी कंपनीचीच राहते. दुकान बंद झालं की असा फ्रीजर कधी कधी परस्पर विकला जातो. अंगावर मोठं स्टिकर असेल तर खरेदीची पावती मागा, नाहीतर वर्षभराने कोणीतरी टेम्पो घेऊन दारात उभा राहील.

चालू करून किमान चार-पाच तास थांबा. चहा पिऊन या. परत आल्यावर आतल्या चारही भिंतींवर हिम सारखं धरलेलं हवं. एका कोपऱ्यात जाड बर्फ आणि बाकी भिंत ओली असेल तर गॅस कमी आहे. झाकणात दहाची नोट अडकवून ओढा; सहज निघाली तर रबर गेलं. रबर नवं मिळतं, त्यावर भाव पाडून घ्या. खालच्या कडेचा गंज मात्र भाव पाडून सुटत नाही.

आणि विकत घेण्याआधी पुठ्ठ्याच्या चकत्या कापून न्या. बॉल-लॉक केगचा व्यास साधारण २२ सेंटीमीटर, उंची ६३ ते ६५. मी २३ सेंटीमीटरच्या तीन चकत्या कापून नेल्या होत्या. विकणाऱ्याला वाटलं मी भाकऱ्या थापायला आलोय. फ्रीजरच्या एका बाजूला कॉम्प्रेसरवर पायरीसारखा उंचवटा असतो, त्यावर केग उभा राहत नाही. त्यामुळे लिटरचा आकडा फसवा असतो, चकत्या किती बसतात तेच खरं.

चौकट

उंची २० सेंटीमीटर घ्या. केगच्या डोक्यावर कनेक्टर आणि वळणाऱ्या नळ्यांना जागा लागते, आणि नळाखाली ग्लास धरायलाही उंची हवी. लाकूड म्हणून मी १८ मिलीमीटरचा मरीन प्लाय वापरला. साधा प्लाय पहिल्या पावसाळ्यात पुस्तकासारखा उघडतो. सागाच्या फळ्या मिळाल्या तर उत्तमच, पण वखारीत भाव विचारला आणि प्लाय घेऊन घरी आलो.

झाकणाचे बिजागर सोडवा. त्याआधी एक गोष्ट: या बिजागरांत ताणलेली स्प्रिंग असते. झाकण पूर्ण उघडं ठेवून, म्हणजे स्प्रिंग सैल असताना, स्क्रू काढा. बंद झाकणाचे काढलेत तर बिजागर मनगटावर बसतो. झाकण निघालं की फ्रीजरच्या काठाचं बाहेरचं माप घ्या आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजा. फ्रीजरचा काठ अगदी काटकोनात असतोच असं नाही. कर्ण सारखे नसतील तर चौकट काठाप्रमाणे करा, गुण्याप्रमाणे नाही.

चार फळ्या, आतून लोखंडी एल-पट्ट्या, सांध्यांत सुतारी डिंक. आतून-बाहेरून पॉलियुरेथेनचे दोन हात. मग आतल्या बाजूने २५ मिलीमीटरचा टणक फोम, एक्सपीएस म्हणून मिळतो तो. थर्माकोलही चालतो, पण कापताना त्याचे दाणे घरभर होतात आणि पुढचा महिनाभर घरच्यांचं ऐकावं लागतं. फोमच्या फटी ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बुजवा.

चौकट झाकणाला जोडून झाकणाबरोबर उचलायची, की फ्रीजरला चिकटवून टाकायची, यावर दोन मतं आहेत. पहिल्यात केग उचलून आत ठेवणं सोपं जातं, कारण काठ खाली राहतो. पण दर वेळी नळ आणि नळ्यांसकट सगळं वर जातं आणि स्प्रिंग दमते. मी चिकटवली. भरलेला केग २३-२४ किलोचा होतो, तो ८५-९० सेंटीमीटरचा काठ ओलांडून उचलायचा तर कमरेचं काम. म्हणून मी तो उचलतच नाही: रिकामा केग आत ठेवतो आणि पाइपने तिथेच भरतो. काठावर सिलिकॉनची अखंड रेघ मारा, चौकट ठेवा, वर वजन ठेवून चोवीस तास हात लावू नका. नंतर झाकणाचे बिजागर चौकटीच्या मागच्या फळीला.

नळांसाठी पुढच्या फळीत २२ मिलीमीटरच्या होल-सॉने भोकं, दोन भोकांत कमीत कमी १० सेंटीमीटर अंतर. होल-सॉ बाहेरून आत चालवा आणि आतून लाकडाचा तुकडा दाबून धरा, म्हणजे प्लायचे पापुद्रे निघत नाहीत. भोकातून जाणारी नळी, जिला शँक म्हणतात, फळी आणि फोम मिळून ४३ मिलीमीटरमधून पार जायला हवी, तेव्हा ती किमान ७५ मिलीमीटरची घ्या. मागच्या फळीत गॅसच्या नळीसाठी आणि वायरींसाठी एकेक लहान भोक, आणि नंतर ती सिलिकॉनने बंद.

शँक आणि नळ स्टेनलेस स्टीलचेच, ३०४ ग्रेडचे. क्रोम चढवलेले पितळी नळ स्वस्त मिळतात, पण सोडा आम्ल आहे, लिंबू आणि कोकम त्याहून. क्रोम उडालं की आतलं तांबं पेयात उतरतं आणि ते पोटाला बाधतं. सोड्याच्या वाटेत पितळेचा एक निपलही नको.

थंडी

फ्रीजर उणे १८ वर नेणारा. आपल्याला हवं अधिक ३. त्याच्या स्वतःच्या थर्मोस्टॅटला हात लावू नका, तो पूर्ण थंडवर ठेवा आणि बाहेरून कंट्रोलर लावा. कंट्रोलर वीज देतो आणि तोडतो, बस. प्लगसकट तयार मिळतो तो घेतलात तर वायरिंगची कटकट नाही. मी एसटीसी-१००० हा उघडा कंट्रोलर डब्यात बसवला. त्याला १ आणि २ वर वीज, ३ आणि ४ वर सेन्सर, ७ आणि ८ हा कूलिंगचा रिले. फेज १ वर आणि तिथूनच एक तुकडा ७ वर, ८ मधून सॉकेटच्या फेजला. न्यूट्रल २ वर आणि सॉकेटला. अर्थिंग मात्र प्लगमधून थेट सॉकेटला, मध्ये कुठेही न तोडता. हे वाचून हात थरथरले तर वायरमनला बोलवा. ओल्या हाताने नळ धरायचा आहे, तेव्हा त्या पॉइंटला ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच ती तोडणारा स्विच, हवाच.

सेटिंग: एफ-१ मध्ये ३ अंश, एफ-२ मध्ये १.५ अंशाचा फरक, एफ-३ मध्ये पाच मिनिटांची उसंत. उसंत कमी ठेवली तर बंद झालेला कॉम्प्रेसर दाब उतरायच्या आत पुन्हा सुरू व्हायला जातो आणि लवकर मरतो. आपल्याकडे वीज जाते-येते, त्यामुळे हे सेटिंग जास्तच महत्त्वाचं. एफ-४ ने सेन्सर जुळवायचा: ग्लासभर बर्फाचा चुरा, त्यात थोडं पाणी, ढवळून सेन्सर बुडवला की शून्य दिसायला हवा.

सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नका. केगच्या पोटाला मध्यावर चिकटपट्टीने लावा आणि वरून फोमचा तुकडा, म्हणजे तो हवेचं नाही तर पेयाचं तापमान वाचतो. आणि वायर नीट बांधा. हे मी शिकलो ते असं. मे महिन्यातली रात्र, आत काहीतरी शोधताना वायर ओढली गेली, सेन्सर सुटला आणि झाकणाच्या बाहेर लटकत राहिला. कंट्रोलरला दिसत होते शेडमधले ३२ अंश. तो बिचारा रात्रभर फ्रीजर चालवत राहिला. सकाळी सोड्याचा नळ उघडला तर फुस्स झालं आणि पुढे काही नाही. कोकमाच्या नळातून दोन बोटं गडद, अतिगोड अर्क आला. पाणी गोठून भिंतीला धरलं होतं आणि साखर मधे उरली होती. आईने चव घेतली आणि म्हणाली, "हे छान झालंय, असंच करत जा." केग फुटला नाही कारण वर जागा शिल्लक होती. काठोकाठ भरलेला असता तर सांगता येत नाही.

तळाला आणि वरच्या चौकटीत काही अंशांचा फरक पडतो. केग गार पण नळ कोमट, म्हणजे पहिला ग्लास फेसाचा. जुन्या संगणकाचा १२ व्होल्टचा पंखा घ्या, तीन इंची पीव्हीसी पाइपच्या तळाशी बसवा आणि पाइप कोपऱ्यात उभा करा. तळाची गार हवा उचलून तो शँकवर सोडतो. राउटरच्या जुन्या अडॅप्टरवर चालतो आणि दिवसरात्र चालूच राहू द्या.

ओल हा वेगळाच विषय. उणे तापमानाला दमटपणा हिम होऊन गप्प बसतो, ३ अंशांना त्याचं पाणी होतं. एप्रिलमध्ये नाशिकची हवा कोरडी, काही जाणवत नाही. जुलैत तळाशी डबकं. केशरी सिलिका जेलची पिशवी आत ठेवा. ती हिरवी पडली की मंद आचेवर वाळवून परत ठेवायची, पण स्वयंपाकाच्या कढईत नको. तळाचं ड्रेनचं बूच आठवड्याला बघा. बुरशी धरली तर तिचा वास चौकटीच्या लाकडात मुरतो आणि मग निघत नाही.

गॅस

सिलिंडर कार्बन डायऑक्साइडचा, खाद्य दर्जाचा. अग्निशामक नळकांड्यातला गॅस वापरायची कल्पना दर माणसाला सुचते, मलाही सुचली होती. त्यात तळापर्यंत नळी असते, म्हणजे आग विझवायला द्रव बाहेर यावा. तो द्रव रेग्युलेटरमध्ये गेला तर रेग्युलेटर गोठतो आणि बिघडतो. वेल्डिंगचा रेग्युलेटरही नको. त्याचा काटा मिनिटाला किती लिटर ते सांगतो, आपल्याला दाब हवा. ० ते ६० पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं माप) काटा आणि सेफ्टी वॉल्व्ह असलेला घ्या. सिलिंडरच्या तोंडाचे आटे वेगवेगळे येतात, तेव्हा सिलिंडर गाडीवर घालूनच दुकानात जा.

सिलिंडरच्या खांद्यावर रिकामं वजन आणि चाचणीची तारीख ठोकलेली असते. पाण्याच्या दाबाची ही चाचणी दर पाच वर्षांनी व्हावी लागते. तारीख उलटली असेल तर चांगला भरणारा भरूनच देत नाही. जो काही न विचारता भरून देतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. आत किती गॅस उरला हे दाबाच्या काट्यावर कळत नाही. आत द्रव असेपर्यंत काटा तसाच राहतो, २५ अंशांना ९०० पीएसआयच्या वर. तोच सिलिंडर ३ अंशांत ठेवला तर काटा साधारण ५३० वर येतो आणि लोक रिकामा झाला म्हणून पळत जातात. वजन करा, तेच खरं. एका सोड्याच्या केगला विरघळणं आणि ढकलणं मिळून पावणेतीनशे-तीनशे ग्रॅम जातो. पाच किलोच्या सिलिंडरमध्ये पंधराएक केग निघतात, गळती नसेल तर.

गळतीचा दुसरा हिशेब जास्त महत्त्वाचा. पाच किलो म्हणजे जवळपास २,७०० लिटर गॅस. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत २८,००० लिटर हवा मावते. सगळा सिलिंडर बंद खोलीत सुटला तर हवेत दहा टक्क्यांच्या आसपास, आणि चार टक्क्यांनाच जीवाला धोका मानतात. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली बसतो आणि त्याला वास नाही. म्हणून माझा सिलिंडर शेडमध्ये, मोकळ्या हवेत, सावलीत, भिंतीला साखळीने उभा बांधलेला आहे. आडवा ठेवायचा नाही. आणि फ्रीजरच्या तळाशी पडलेला पाना काढायचा असेल तर झाकण उघडून हवा खेळू द्या, एकदम डोकं घालू नका.

रेग्युलेटरमधून दोन दाब हवेत: सोडा आणि आलं-लिंबाला ३०, कोकमाला १२. त्यासाठी दोन वेगळे दाब देणारा रेग्युलेटर किंवा मागाहून एक जोड-रेग्युलेटर. प्रत्येक फाट्यावर नॉन-रिटर्न वॉल्व्ह बसवा. नाहीतर एका केगचा दाब उतरला की दुसऱ्याचं सरबत गॅसच्या नळीत चढतं. माझ्या पहिल्या बांधणीत हे वॉल्व्ह नव्हते आणि आठवडाभर आमचा सोडा गुलाबी होता.

जोडून झालं की रिकाम्या केगवर ३० पीएसआय द्या, सिलिंडर बंद करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी काटा तिथेच हवा. ही चाचणी भरलेल्या केगवर घेऊ नका, पाणी गॅस पिऊन टाकतं आणि काटा उगाच उतरतो. उतरलाच तर साबणाचा फेस आणि ब्रश. शंभरात नव्वद वेळा केगच्या मोठ्या झाकणाचं रबर असतं. त्याला खाण्यायोग्य सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा, आणि नवा केग लावताना आधी एकदम ३० चा झटका द्या, म्हणजे झाकण वर दाबून बसतं.

फेस

गार तर कोणताही फ्रीजर करतो. नळातून पेय धड बाहेर येणं ही खरी परीक्षा, आणि बहुतेकांचा धीर इथेच सुटतो.

आमचं उद्घाटन रंगपंचमीला होतं. नाशकात खरा रंग त्या दिवशी. तिवंध्याच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदात, उड्या मारून, डोक्यापासून पायापर्यंत पिवळी झालेली चौदा माणसं शेडमध्ये उभी. मी ऐटीत नळ ओढला. ग्लासात पाऊण फेस, तळाला बोटभर गॅस गेलेला सोडा. दुसरा ग्लास तसाच. तिसऱ्याला मेहुणा म्हणाला, "दाजी, दाढी करायला ठेवू का हा?"

झालं असं होतं की ३० पीएसआयचा सोडा मी दीड मीटर नळीतून सोडत होतो. केगमध्ये गॅस दाबाने विरघळून बसलेला असतो. तो दाब नळाच्या तोंडाशी एकदम सुटला की गॅसही एकदम सुटतो. दाब वाटेतच हळूहळू खर्च व्हायला हवा, आणि तो खर्च करते नळीची लांबी. नळी जितकी अरुंद आणि लांब तितका घर्षणात दाब जिरतो, आणि तोंडाशी पेय आरामात येतं.

नळी म्हणून मी घरच्या आरओ फिल्टरची पाव इंची पांढरी नळी वापरतो. खाण्याच्या पाण्यासाठीच ती बनते, आतून साधारण ४.३ मिलीमीटर, तिचे पुश-फिट जोड कोणत्याही फिल्टरवाल्याकडे मिळतात आणि थंडीत ती हा दाब सहज पेलते. १२ पीएसआयला दोन मीटर, ३० पीएसआयला सहा मीटरपासून सुरुवात करा. वेटोळं करून केगच्या डोक्यावर ठेवायचं, फ्रीजरच्या बाहेर एक इंचही नाही. ग्लास भरायला फार वेळ लागत असेल तर वीतभर कापा, परत बघा. कापता येतं, वाढवता येत नाही. नळी कापताना धारदार ब्लेडने सरळ कापा. तिरकी कापली तर जोडात बसते पण गॅसचे बुडबुडे आत ओढते आणि तुम्ही आठवडाभर भलतीकडे दोष शोधत बसता.

तरीही फेस आला तर क्रमाने बघा. पहिलाच ग्लास फेसाळ आणि दुसरा चांगला: नळ गरम आहे, पंखा बघा. सगळेच फेसाळ: नळी आखूड, किंवा दाब जास्त, किंवा पेय पुरतं गार नाही. नळीत बुडबुडे चालताना दिसतात: जोडाचं रबर. नळ अर्धा उघडून भरायची सवय असेल तर ती सोडा, अर्ध्या उघड्या नळात गॅस सर्वात जास्त सुटतो. एका दमात पूर्ण उघडायचा, ग्लास तिरका.

भरणं

सोड्याला फक्त गाळलेलं पाणी. केग आत ठेवून तीन-चार बोटं जागा सोडून भरा आणि आधी चोवीस तास गार होऊ द्या. कोमट पाणी गॅस धरत नाही. मग गॅस लावून झाकणावरची रिंग तीन-चार वेळा ओढून वरची हवा घालवा. हवा राहिली तर काटा ३० दाखवतो पण त्यातला भाग हवेचा असतो आणि सोडा पाणचट लागतो. ३० वर आठवडाभर सोडलं की पाण्याच्या साडेचार पट आकारमानाचा गॅस त्यात मुरतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, इथे हवेचा दाब थोडा कमी, म्हणून परदेशी तक्त्यातल्या आकड्यात एक पीएसआय वाढवून धरा. आठवडा थांबवत नसेल तर एवढ्यापुरता गार झालेला केग बाहेर उचलून, मांडीवर आडवा घेऊन, गॅस चालू ठेवून, पाच-दहा मिनिटं हलवत बसायचं. पोरांना हे काम आवडतं.

आल्या-लिंबाचा रस मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळा. एक धागा, एक बी, नळाचा वॉल्व्ह अडकलाच. कोकमाबाबत एक गोष्ट ठळक सांगायची: मीठ केगमध्ये घालू नका. मीठ आणि आम्ल मिळून ३०४ स्टीललाही बारीक खड्डे पाडतात. कोकम आगळात मीठ असतंच, म्हणून बिनमिठाच्या आमसुलांचं किंवा साखरेच्या पाकातलं कोकम घ्या. काळं मीठ आणि जिरेपूड ग्लासात.

द्राक्षाचा रसही लोक सुचवतात, विशेषतः फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेव्हा पिंपळगावहून कोणीतरी क्रेट आणून देतं. द्राक्षाच्या सालीवर यीस्ट मुळातच असतं. ३ अंशांना ते झोपतं, मरत नाही. वीज दोन दिवस गेली की केगमध्ये दाब वाढू लागतो आणि वर लिहिलेला १९४९ चा कायदा तुमच्या शेडमध्ये येऊन बसतो. रस उकळून, गार करून भरा आणि चार-पाच दिवसांत संपवा.

बिअरचे आकडे

तापमान ३ ते ४ अंश, दाब १२ पीएसआय, त्यातून अडीच पट गॅस टिकतो. आरओची नळी दोन मीटर. हॉटेलचा केग बॉल-लॉक नसतो. त्याला वरून फिरवून बसणारा कपलर लागतो, आणि त्याच्या जाती वेगवेगळ्या, केग बघूनच घ्यावा लागतो. ५० लिटरच्या केगचा व्यास ४० सेंटीमीटरच्या आसपास, तेव्हा पुठ्ठ्याची मोठी चकती कापा. आणून ठेवला की एक दिवस हलवू नका.

धुणं

केग रिकामा झाला की त्याची नळीही धुवायची, आणि साखरेच्या पेयाला दर पंधरा दिवसांनी तर नक्कीच. केगमध्ये दोन लिटर कोमट पाणी, दोन चमचे धुण्याचा सोडा. गॅसने ते नळातून अर्धं काढा, वीस मिनिटं नळीत राहू द्या, उरलेलं काढा. मग साधं पाणी, मग चिमूटभर सायट्रिक ॲसिडचं पाणी, मग पुन्हा साधं. ब्लीच स्टीलमध्ये ठेवून विसरू नका, त्यातलं क्लोरिनही खड्डे पाडतं. नळ महिन्यातून एकदा खोलून त्याच्या तोंडात बारीक ब्रश घाला. तिथे साखर सुकते आणि चिलटं येतात. कोकमाच्या केगची रबरं गुलाबी होतात आणि तशीच राहतात. त्यांचा वास दुसऱ्या पेयाला लागतो, म्हणून तो केग कोकमाचाच ठेवा. मी त्याच्यावर ऑइलपेंटने "को" लिहिलंय.

गावाला जाताना सिलिंडरचा वॉल्व्ह बंद करायचा, फ्रीजर चालूच ठेवायचा, आणि शेजाऱ्यांना नळ कसा उघडायचा ते सांगायचं नाही. मी मागच्या दिवाळीत सांगितलं होतं. परत आलो तेव्हा आलं-लिंबू संपलेलं होतं आणि फ्रीजरवर चकलीचा डबा ठेवलेला होता.